हवा छान आहे

उन्नती पाचवीला हायस्कुलात जाणार म्हणून प्रीती आणि राजेंद्रने उल्हासनगरची, कॅम्प तीनमधली खोली सोडून सोनिवलीत फ्लॅट घेतला. कॅम्पात प्रीतीचं दार दिवसभर उघडं असायचं. इथं मजल्यावरच्या बाकी तिन्ही फ्लॅटना कुलूप. नवरा कामावर आणि लेक शाळेत गेली, की संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायला माणूस नसे. बहीण फोनवर विचारायची, "करमतं ना गं?"

"मस्त. हवा छान आहे इथली," प्रीती म्हणायची.

एका शनिवारी बेल वाजली. दारात उन्नती, आणि तिच्यामागे एक अनोळखी, अवघडलेली बाई. उन्नती आईच्या कानाशी आली.



"माझ्या वर्गातल्या तेजस्वीची मम्मी आहे. ती पण तुझ्यासारखीच नळ सोडून रडते."