उजेड कमी केला तर

“सख्ख्या बहिणीच्या गळ्यात जुना माल मारलास की नाही, खरं सांग,” ती धाकट्या भावाला म्हणाली.

भावाचं लॅपटॉपचं दुकान होतं. नवरा नुकताच ऑफिसातून येऊन हातपाय धुवायला आत गेला होता. टेबलावर तिचं पुस्तकं बांधायचं सामान पसरलेलं होतं, पुठ्ठे, खळीची वाटी, मेणाचा दोरा. त्यातच कोपऱ्यात जागा करून भावाने लॅपटॉप उघडला.

“कोरा करकरीत आहे, ताई. माझ्या हाताने खोका फोडला.”

“मग यांच्याबरोबर रोज ऑफिसातून घरी येतो तो मेलेला कसा? सकाळी काठोकाठ भरून देते मी.”

भाऊ बॅटरीच्या पानावर गेला. मागे गुपचूप काही चालू आहे का, बघितलं. काही नव्हतं. मग त्याने बोटाने पडद्यावरची एक रेघ दाखवली. “हे बघ. सगळी बॅटरी स्क्रीन खातेय. उजेड कायम पूर्ण वर. इतका लख्ख कोण ठेवतं? आणि दिवसभरात चार्जर एकदाही लावलेला नाही.”

“चार्जर मी स्वतः देते बॅगेत.”

“देत असशील. लावत नाहीत.”

तिला ते पटेना. तिने बॅगेतून चार्जर काढला. वायर नीट गुंडाळून मेणाच्या दोऱ्याने बांधलेली होती. गाठ तिची होती, पुस्तक शिवून झाल्यावर मारायची ती बारीक, चपटी गाठ. नवऱ्याच्या हातची गाठ म्हणजे निव्वळ गुंता, बुटाची नाडीसुद्धा त्याला धड बांधता येत नाही. रोज संध्याकाळी ती आपलीच गाठ सोडत आली होती आणि एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

आता मात्र डोकं भराभर चालायला लागलं. नवऱ्याच्या ऑफिसात म्हणे प्रत्येक टेबलाखाली प्लग होता. आणि ऑफिस होतं तळघरात. तिथे दिवसभर हिशेब करणाऱ्या माणसाची मान उन्हाने रापते कशी? नाकाचं साल निघतं कसं? विचारलं तर म्हणाला होता, जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करतो. कुणाबरोबर करतो, ते तिने विचारलं नव्हतं. पण प्रश्न मनात ठाण मांडून बसला होता. नवीन शर्ट नाही, अत्तर नाही, तरी संशयाला खायला काहीही पुरतं.

नवरा तोंड पुसत बाहेर आला. उघडा लॅपटॉप बघून टॉवेल तिथेच थांबला.

“कशाला त्रास देतेस त्याला? चालतंय की.”

“भाऊजी, सोपं आहे,” भाऊ खुशीत म्हणाला. “मालात खोट नाही. हा उजेड निम्म्यावर आणा, दिवसभर आरामात पुरेल.”

“कमी केला तर दुपारी काही दिसत नाही रे.”

“तळघरात? तिथे दुपार काय आणि सकाळ काय!”

भाऊ हसला. नवऱ्यानेही हसायला तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. टॉवेलची घडी घालून तो उगाच पुन्हा मोडत बसला.

तिला एकदम त्याचं ते वाक्य आठवलं. “ऑफिसने माझा कॉम्प्युटर काढून घेतला. आता आपला आपण आणायचा.” त्यावर तिने ऑफिसच्या कंजूषपणाला पोटभर नावं ठेवली होती आणि आपणहून भावाला फोन लावला होता. कॉम्प्युटरबरोबर टेबल गेलं, खुर्ची गेली, हे त्याने सांगितलं नव्हतं. त्या वाक्यात खोटंही बोलला नव्हता लबाड.

“पण भाऊजी, तुम्ही बसता तरी कु...”

“पुरे झालं,” ती मध्येच कडाडली. “माल तुझाच खराब. उगाच भाऊजींवर ढकलू नकोस.”

“अगं, आत्ता डोळ्यांदेखत दाखवलं तुला!”

“मला नाही कळत तुझं ते. आमचा उजेड आम्ही हवा तेवढा ठेवू. आणि जा आता, पोरं वाट बघत असतील.”

भाऊ चपला घालेपर्यंत पुटपुटत राहिला. तो जिना उतरल्याचं ऐकू आल्यावर तिने दार लावून घेतलं.

“तोंड शिवलं होतं का तुमचं?”

नवऱ्याने टॉवेल खांद्यावर टाकला.

“मला वाटलं, कुणी बाई आहे.”

“बाई?” तो चकित होऊन बघत राहिला. “बागेत माझ्या बाकावर एक म्हातारा असतो फक्त. तोही पेपर वाचून झाला की झोपतो.”

तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि या माणसाचा संताप तर आलाच आला. एवढे दिवस उन्हात नोकरीचे अर्ज लिहीत बसला आणि घरी येऊन ऑफिसातल्या पंख्याच्या आवाजाबद्दल कुरकुर करत होता!

तिने पुठ्ठ्यांची चळत उचलून जमिनीवर ठेवली. खळीची वाटी सरकवली. चार्जरची गाठ सोडून वायर भिंतीतल्या प्लगला लावली आणि टेबलाशी खुर्ची ओढली.

“उद्यापासून इथे बसायचं.”

“तुझं काम?”

“अर्धं टेबल मला पुरतं.”

तो संकोचत बसला. लॅपटॉप पुढे ओढला आणि सवयीने त्याचं बोट आधी उजेड वाढवायच्या बटणावर गेलं. पडदा लख्ख झाला.

तिने हात पुढे करून उजेड निम्म्यावर आणला.

“घरात आहात,” ती म्हणाली.