रोबोटचा खोकला

रोबोट आजारी पडला. अर्थात, साहेबांच्या मते असं काही घडलेलंच नाही. पवनचक्कीच्या पात्यांसाठी फायबरचे थर अंथरायचे आणि रेझिन या उग्र वासाच्या चिकट रसायनातले बुडबुडे रोलरने काढायचे, हे तो माझ्या ताईकडून शिकला. कंपनीने तिला सेन्सरचं जाकीट चढवून तिची प्रत्येक हालचाल टिपली, मग तिलाच घरी बसवलं. तिच्या खोकल्यावर कंपनीचे डॉक्टर म्हणाले, “कामाचा काय संबंध? घरात कोणी सिगारेट ओढत असेल.” आता रोबोट दर थरानंतर रोलर उचलतो, भिंतीकडे वळतो, गदागदा हलतो आणि पुन्हा कामाला लागतो. “बिघाड आहे,” साहेब म्हणाले. “बिघाड कसला, साहेब? ताई खोकतेय.” “तोंड आवर, नाहीतर तूही घरी बसशील!” तोंड आवरलं, म्हणून लेखी अर्ज: सदर रोबोटच्या घरी कोण सिगारेट ओढतं, याची डॉक्टरसाहेबांनी समक्ष जाऊन चौकशी करावी, ही नम्र विनंती.