वाटा न घेणारी बाई

“काकी, हे बांगडे माज्या घराक कोणी पाठवल्यान?”

नगरसेविका भार्गवीने बांगड्यांची थैली चंद्रावतीच्या पायरीवर ठेवली. चेहरा रागाने लाल झाला होता.

“मीच पाठवलंय. सुदेश घेवन इलो. तुजो वाटो आसा तो,” चंद्रावती म्हणाली.

“माका वाटो नको म्हणान कितीदा सांगू? परत पाठवलंत तर माका चलाचा नाय!”

एवढं बोलून बाई स्कूटर काढून गेलीसुद्धा. चंद्रावती थैलीकडे बघत राहिली. एवढे ताजे बांगडे, आणि गावातल्या मास्तरांच्या घरात वाढलेली ही पोर ते पायरीवर टाकून जाते? ह्यात कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की.

रापणीचा कायदा वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. होडी समुद्रात जाळं टाकून येते, मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या. दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. मग तो पाहुणा असो की पोलीस. वाळूवर वाटे घालायचं काम चंद्रावतीच्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर ते तिच्याकडे आलं, आणि तिने कधी कुणाला रिकामं पाठवलं नव्हतं.

भार्गवी निवडून आल्यापासून रोज सकाळी यायची. साडीचा पदर खोचून दोरीला लागायची आणि ओढता ओढता वॉर्डाच्या बातम्या सांगायची. उद्या नळाला पाणी नाही, भरून ठेवा. गटाराचं काम सोमवारी सुरू होतंय. देवळाजवळचा दिवा दुरुस्त झाला. जाळं वर आलं, वाटे पडायला लागले, की हात झटकून निघायची. स्कूटरला एक कापडी पिशवी लटकलेली असे. चंद्रावतीने एकदा गुपचूप आत डोकावून पाहिलं. टॉवेल आणि पाण्याची बाटली. बस्स!

“फुकटात कोण कोणाक पाण्याची वेळ सांगता रे?” ती आपल्या मुलाला, सुदेशला म्हणाली. “आदीचे नगरसेवक मतां मागूक येयत, मगे थोबाड दिसाचा नाय. आणि ह्या बाईक आमचो एक बांगडोय नको! हयलो वाटो नको म्हणजे दुसरीकडे मोठो वाटो ठरलेलो आसतलो.”

“आये, तू उगाच.”

“उगाच? बघ तू!”

दुसरीकडे म्हणजे कुठे, तेही तिने ताडलं होतं. पाण्यातले खेळ चालवणाऱ्या एका कंपनीला हा किनाराच भाड्याने द्यायचा ठराव नगरपालिकेत येणार होता. ही बातमीसुद्धा भार्गवीनेच दोरीवर सांगितली होती. ठराव झाला तर रापण ओढायला जागाच उरणार नव्हती. रापण गेली तर चंद्रावतीची चूल कशावर पेटणार? आधी बातमी सांगून विश्वास कमवायचा आणि सभेत हात वर करायचा, असा बाईचा डाव असणार. म्हणून तर चंद्रावतीने वाटा तिच्या घरी धाडला होता. एकदा आमचं मीठ खाल्लंस की आमच्या गळ्याला सुरी लावताना हात तरी थबकेल.

आणि ते बांगडे परत आले होते.

सभेच्या दिवशी चंद्रावती वाडीतल्या बायकांना घेऊन सभागृहात मागे जाऊन बसली. ठराव मताला यायच्या आत नगरसेवक परशुराम उठला. ठराव त्यानेच आणला होता.

“अध्यक्ष महोदय, ज्या सदस्याचा विषयात आर्थिक संबंध आहे, त्याला मत देता येत नाही. भार्गवीताई रोज रापण ओढतात. दोरीला हात लागला की वाटा मिळतो, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्यांना मत देता येणार नाही.”

नगराध्यक्षांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. “रापणीचे वाटे कोण घालतं? कोणी आलंय का?”

चंद्रावती ताडकन उभी राहिली. इतके महिने पोटात साठलेलं सगळं बाहेर काढायची संधी आयती चालून आली होती.

“मी घालतंय! आणि ह्या बायेन एक बांगडोसुद्धा घेवक नाय, सायेब! येता, दोरी ओढता आणि रिकाम्या हातान जाता. मी घराक धाडलेलो वाटो माज्या पायरेर आणून टाकल्यान! असा माणूस बघलात खंय? हेच्यात कायतरी आसा. विचारा तिका!”

सभागृहात हशा पिकला. हरकत टिकली नाही, परशुराम खाली बसला. मतं मोजली गेली आणि ठराव एका मताने पडला. भार्गवीच्या मताने.

जिन्यावर भार्गवीने चंद्रावतीचे दोन्ही हात धरले. “काकी, आज तुमी वाचवलात.”

“मी?” चंद्रावतीला अजून नीट उमगत नव्हतं. “अगो, मत देवचा होता म्हणान वाटो नको म्हणी होतस? मगे माका आदी सांगूक काय झाला होता?”

“दोरीवर सांगलेली गोष्ट दुपारपर्यंत परशुरामाच्या कानार जाता. वाटो घेतलंय तर माजा मत जाता, ह्या कोणाच्या ध्यानात इला असता, तर माज्या पिशयेत बांगडे कोंबून फोटो काढूक कितीसो वेळ?”

चंद्रावतीने कपाळावर हात मारून घेतला. बांगडे कोंबायला परशुराम कशाला हवा होता? तिने स्वतःच ते घरपोच केले होते!

“आता तरी घेशीत?”

“कशी घेतलंय? परशुराम ठराव परत आणतलो.”

दुसऱ्या दिवशी रापण भरून आली. दोरी ओढणाऱ्यांतला धोंडू खुशीत दोन मोठे बांगडे उचलून भार्गवीच्या स्कूटरकडे निघाला.

“धोंडू! लांब रव त्या पिशयेपासून!”

चंद्रावती धावत आली. तिने स्कूटरवरची पिशवी ओढून काढली, उलटी करून झटकली, तोंडाला गच्च गाठ मारली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. मग वाटे घालायला बसण्याआधी तिने दोरीवरच्या प्रत्येकाच्या हातांकडे संशयाने पाहून घेतलं.