मिठागराची लेक

"या ओळी चोरीच्या आहेत!"

मादिकेनं माईक हिसकावून घेतला आणि नोगायकडे बोट रोखलं. ढोलांवरचे हात थांबले. मिठागरांच्या कावलाक गावात, फुटबॉल मैदानावर रॅपची अंतिम लढत नुकतीच संपली होती. नोगायनं मादिकेला चीत केलं होतं, हे पोराटोरांनाही कळलं होतं. डाकारहून आलेल्या परीक्षकानं, बिरानेनं, तसं जाहीर करायचं तेवढं राहिलं होतं.

चोरी म्हणजे सगळंच संपलं. रॅपवाल्यांत एकदा चोर ठरलेल्याच्या हातात पुन्हा कुणी माईक देत नाही.

"लहानपणापासून ऐकतोय मी," मादिके म्हणाला. "माझ्या आईबापाच्या लग्नाची कॅसेट आहे घरी. त्यात एक बाई हेच म्हणते. शब्दन् शब्द!"

बिराने नोगायकडे वळला. "खरं का गं?"

"खरं आहे, दादा. ओळी माझ्या आईच्या आहेत. दाबा सेकच्या. तिच्या तासूशिवाय या गावात लग्नाला रंग चढत नसे."

"तासू!" मादिके हसला. "लग्नात बायका ढोलावर टोमणे मारतात, ते? बाई, हे रॅप आहे. अमेरिकेहून आलंय."

"आलं ना. आणि आमच्या बायकांनी त्याला बघितल्या बघितल्या ओळखलं. म्हणाल्या, 'अगं, हा तर आपल्याच घरचा पोरगा! नुसती टोपी उलटी घातलीय.'"

मैदान खदाखदा हसलं. मादिकेनं आपली उलटी टोपी चाचपली. त्याचा चेहरा उतरला.

"मग बोलाव तुझ्या आईला. होऊ दे खात्री."

"ती नाही येणार. मी जन्मले त्याच दिवशी ती गेली. ओळी मावशीनं पाठ करून घेतल्या माझ्याकडून."

"वा! मेलेला साक्षीदार बरा. त्याला उलट काही विचारता येत नाही."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी रागानं 'च्च, च्च' केलं. एक म्हातारी तर चप्पल काढायला वाकली. नोगायनं तिला हातानंच थांबवलं. आईचा फोटो नव्हता तिच्याजवळ. दागिना नव्हता, लुगडंही नव्हतं. या ओळी होत्या. त्याही आज चोरीच्या ठरल्या, तर आई होती असं म्हणायला तिच्याकडे काहीच उरलं नसतं. तिनं मान ताठ केली.

"तुझ्या आईला विचार," ती म्हणाली. "तिच्या लग्नात कोण बोललं, हे तिला आठवत असेल."

बिरानेनं मान डोलावली. मादिकेनं फोन लावला आणि माईकसमोर धरला.

"आई, एक पोरगी काही ओळी म्हणतेय. ऐक. कुणाच्या आहेत, फक्त नाव सांग. सगळं मैदान ऐकतंय."

"म्हणू दे की," कर्ण्यातून बाईचा आवाज आला.

नोगाय फोनजवळ गेली. ढोलकऱ्यांकडे तिनं पाहिलंही नाही. पायानं ठेका धरला. पुढच्या रांगेतल्या दोघींनी टाळ्यांनी तो उचलला.

"मिठागराची लेक मी, साखर समजू नकोस,
विरघळले तरी चव राहते, संपले म्हणू नकोस!
दारी आलायस तर पाहुण्या, जपून टाक पाऊल,
माझ्या जिभेला आधीच लागते खोट्याची चाहूल!"

ती थांबली. मादिके फोनवर वाकला.

"आई? ऐकलंस ना? कुणाच्या ओळी आहेत?"

"ओळींचं काय विचारतोस मेल्या!" बाईचा आवाज कापत होता. ती हसत होती की रडत होती, कुणाला कळेना. "दाबा! दाबा, तूच ना गं? मला तर सांगितलं होतं, तू बाळंतपणात गेलीस म्हणून!"