लाकडावरची खाच

घाटाच्या पायऱ्या बसवताना यल्लप्पा दगड उचलायच्या लाकडाच्या टोकाला बायकोलाच बसवायचा. दगड चार मणांचा, टेकूपासून एक हात. तिमव्वा एक मणाची, टेकूपासून चार हात. तिच्या बसायच्या जागी त्याने लाकडाला खाच पाडली होती. ती तिथे बसली की दगड अलगद वर यायचा आणि तो खाली चुना भरून घ्यायचा.

"तिमव्वा लई खंगली. दवाखान्यात ने," थोरली भावजय दिवाळीपासून सांगत होती.

"खंगली असती तर दगड उचलला असता का, वैनी? लाकूड खोटं बोलत नाही."

शाळेची पायरी त्याने कधी चढली नव्हती, पण हे गणित आजवर चुकलं नव्हतं. दगड सगळे एकाच मापाचे आणि तिमव्वा रोज त्याच खाचेवर.

शेवटचा दगड जागी बसला आणि तिमव्वा लाकडावरून कोसळली. तिच्या लुगड्याचा ओचा सुटला. त्यातून मुठीपेक्षा मोठे आठ दगड घरंगळत बाहेर आले.

"हे कशाला गं?"

"तुमी काम टाकून माझ्या उशाशी बसला असता," ती पुटपुटली.

यल्लप्पाने तिला दोन्ही हातांवर उचललं. वजनाला सरावलेल्या त्या हातांना लगेच कळलं, मणाच्या चाळीस शेरांपैकी बारा शेर दगडांचे होते.

दवाखाना दोन कोसांवर होता. वाटेत तो तिला टेकवायला एकदाही थांबला नाही. तशी गरजच पडली नाही.