आकडा पाच शे

मोबाईल टिंग करून वाजला आणि सारिकाच्या हातातली पिठाची चाळणी हातातच राहिली. ऑर्डर आली होती. गाव शिंदखेडा, नाव झुलाल आबा, आज संध्याकाळी मांड्यांचं जेवण, माणसं पाचशे.

देवपुरातल्या सुगंधाबाईंच्या हातचे, मातीच्या पालथ्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे धुळ्यात नावाजलेले, पण ऑर्डर यायची ती दहा माणसांची, फार तर पंचवीस. पाचशे म्हटल्यावर त्यांच्या या सुनेला काय करू नि काय नको असं झालं. तिने नवऱ्याला, पियुषला, डाळीचं पोतं आणायला पिटाळलं, शेजारच्या चार बायांना हाका मारल्या आणि मगच सासूबाईंना सांगितलं.

सुगंधाबाई खापरापुढे बसल्या होत्या. गेले आठ दिवस फोन त्या घेत नव्हत्या, मोबाईलमधलं मशीन घेत होतं. त्याला कारणही तसंच होतं. मांडा दोन्ही हातांवर फिरवून फिरवून मोठा करायचा असतो, आणि नेमका तेव्हाच फोन वाजायचा. सुगंधाबाई तो मान वाकडी करून खांद्यात धरायच्या, फोन करणाऱ्या भागाबाईच्या गुडघ्यांपासून सगळ्यांची खबरबात घ्यायच्या, आणि मांडा फाटायचा तो फाटायचाच. म्हणून सारिकाने पंधरा दिवस खपून हे मशीन शिकवून तयार केलं. त्यातून एका मुलीचा गोड, शुद्ध आवाज यायचा. ती नाव, गाव, वेळ आणि आकडा विचारायची नि लिहून ठेवायची. सुगंधाबाईंनी एकाच अटीवर होकार दिला होता: एक जरी ऑर्डर चुकली, तरी ही तुझी पोरगी घराबाहेर.

"झुलाल आबाना घर पाचशे मानसं?" सुगंधाबाईंनी हातातला गोळा खाली ठेवला. आबांच्या लग्नाला त्या जातीने हजर होत्या आणि तेव्हाही एवढी पंगत उठली नव्हती. आता तर घरात आबा एकटेच. तुझी पोरगी काय बोलली ते मला ऐकव, असं त्यांनी फर्मावलं.

सारिकाने रेकॉर्डिंग लावलं.

"माणसांचा आकडा सांगा," मशीन म्हणालं.

"आकडा पाच शे," आबा म्हणाले.

"पाचशे. बरोबर आहे का?"

"बरोबर शे."

बघा, तिने दोनदा विचारून घेतलंय, असं सारिका मोठ्या अभिमानाने म्हणाली. तिने ते पुन्हा पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना सुगंधाबाईंनी पिठाचाच हात कपाळाला लावला आणि त्या हसत सुटल्या. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं तरी थांबेनात. सारिकाचं माहेर नगरकडचं. खानदेशात 'शे' म्हणजे 'आहे', हे दोन वर्षांत तिच्या कानावर शंभरदा पडलं होतं, पण ऐन वेळी आठवायला नको? आबा बिचारे आकडा पाच आहे एवढंच सांगत होते. पाचाचे पाचशे केले मशीनने, आणि त्यावर नाचली ही.

चूक कळली तशी सारिका एवढीशी झाली. पंधरा दिवसांची मेहनत एका 'शे'ने पाण्यात गेली. तिला रडूच येत होतं, पण अट ती अट.

"मी बंद करते तिला, आई," ती म्हणाली.

सुगंधाबाईंनी डोळे पुसले. आठ दिवसांत आपला एकही मांडा फाटला नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं, फक्त ते सुनेपुढे कबूल करणं जड जात होतं.

"बंद कसाले?" त्या म्हणाल्या. "तिले सांग, आकडा इचारू नको, नावं इचार. पाचशे नावं कोन सांगी?"

एवढं साधं आपल्याला का सुचलं नाही म्हणत सारिकाने भराभर मशीनचा प्रश्न बदलला, पियुषला फोन करून रस्त्यातून माघारी बोलावलं, बायांची माफी मागितली. आबांना पुन्हा एकदा फोन करण्याची विनंती केली आणि आवाज मोठा करून मोबाईल खापराजवळ ठेवला.

जेवायला कोण कोण येणार आहे, असं मशीनने विचारलं मात्र, आबांची कळी खुलली. असं त्यांना कोणी विचारून किती दिवस झाले असतील कोण जाणे. सुरतेहून जावई प्रेमराज येतोय, त्याला मांड्यावर तूप जास्त लागतं. लेक दिपमाला. तिची सासू बेबाबाई, तिला दात नाहीत, तेव्हा मांडा नरम हवा. नात पुनम, बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. आणि पाचवा मी. मशीन मध्ये न बोलता सगळं ऐकून घेत होतं. आबांना ते फारच आवडलं असावं.

"आन् तू भी ये वं माय जेवाले," ते म्हणाले.

मशीनने हिशोब लावला.

"एकूण माणसं सहा. बरोबर आहे का?"

"बरोबर शे," आबा म्हणाले.

पुन्हा चूक, आणि तीही सासूबाईंच्या समोर. सहाचे पाच करायला सारिकाने घाईघाईने मोबाईल उचलला.

सुगंधाबाईंनी परातीतून पिठाचे गोळे काढून ओळीने मांडले. पाच झाले. त्यांनी आणखी एक काढला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बरोबर शे."