खलनायक पटला नाही

‘शोकांतिका जुनी, गाजलेली, पण खलनायक काही पटत नाही,’ समीक्षकांनी पेपरात लिहिलं. ‘कुणी कानात चार गोड शब्द ओतले, म्हणून शहाणासुरता सेनापती जिवाभावाच्या माणसावर उलटेल? इतकं हलक्या कानाचं असतं का हो कुणी?’

खलनायकाचं काम करणारा नट तोच पेपर घेऊन त्यांच्या घरी हजर झाला. “सर, अगदी खरं लिहिलंत. मीच कमी पडलो.” समीक्षक खूश. चहा झाला. निघताना बूट घालता घालता नट थबकला.

“जाऊ दे, नाही सांगत. उगाच तुमच्या मैत्रीत मिठाचा खडा नको.”

“कसला खडा? बोला, बोला!”

“माझा नाही हं विश्वास बसला, सर. पण तुमचे ते शाळेपासूनचे मित्र सांगत होते, दुसऱ्या अंकात तुम्ही चक्क घोरत होतात.”

नट जिना उतरायच्या आत समीक्षकांनी मित्राला फोन लावला, नाही नाही ते सुनावलं आणि मैत्री कायमची तोडून टाकली.

मग धापा टाकत बायकोला म्हणाले, “त्या नटाला खलनायक करणाराच गाढव! इतका सरळ माणूस, त्याला कसं जमणार ते काम?”